कौनासचे पाच दिवस आणि एक उपांत्यपूर्व सामना

पहिला दिवस : शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

घरच्या महालक्ष्म्या उरकल्या आणि मी निघाले. अनंत चतुर्दशीच्या दिवशी नागपूर सोडून कुठे जाते आहेस, असं आईने तीनदा विचारलं. भाचीकडे, असं तीनदा सांगितलं. भाची लिथुआनियात, कौनास या गावी डॉक्टरकी शिकते. तिला मी भेटायला चालले होते हे खरंच, पण पूर्ण खरं नव्हे. शाळेत असताना पाच वर्षं मी डांबरी कोर्टवर बास्केटबॉल खेळले आहे. उन्हाळी शिबिरात बुटाचे तळ चिकटायचे अशा नागपुरी उन्हात. १९९२ साली आमच्या सरांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण फळ्यावर लावलं होतं : रंगीबेरंगी, डाग पडल्यासारखे कपडे घातलेला लिथुआनियाचा संघ ऑलिंपिकच्या मंचावर उभा. फोटो काळापांढरा होता, रंग सरांनी तोंडी सांगितले. 'अख्खा देश आपल्या नागपूरपेक्षा थोडा मोठा,' असंही म्हणाले. तेव्हापासून हा देश डोक्यात होता.

लिथुआनियाची लोकसंख्या आज २९ लाखांच्या आसपास आहे. म्हणजे सर फार चुकले नव्हते.

इस्तंबूलमार्गे विल्नियसला दुपारी उतरले. भाची न्यायला आली होती. तिथून रेल्वेने कौनास सव्वा तासावर. खिडकीतून भोजवृक्ष, गवताचे भारे, मध्येच एखादं लाकडी घर, आणि घराच्या भिंतीला ठोकलेली रिंग. पहिली रिंग दिसली तेव्हा मी बोट दाखवलं. पाचव्या रिंगेनंतर भाची म्हणाली, "मावशी, मोजू नकोस, दमशील."

ती एका जुन्या घरातल्या वरच्या मजल्यावर राहते. खाली घरमालक, सत्तरीच्या जवळ आलेले, एकटे. सगळ्या मुली त्यांना आजोबाच म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले, वय आजोबा म्हणण्याइतकं वेगळं नसूनही. बॅग ठेवते न ठेवते तोच त्यांनी खालून भिंतीवर काठी आपटली. मॅच सुरू होती. युरोपियन अजिंक्यपद, बाद फेरी, रीगामध्ये, समोर लाटविया. म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात शेजाऱ्याशीच.

मी उत्तरार्ध पाहिला. लिथुआनियाचा मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वाटून खेळ रचणारा, योकुबाइतिस जर्मनीविरुद्ध गुडघ्याला मार लागून बाहेर बसला होता, म्हणून वेलिच्का नावाचा पोरगा संघ चालवत होता, आणि असा चालवत होता की आजोबा खुर्चीत मागे टेकेचनात. ८८–७९. जिंकले. आजोबांनी आरडाओरडा केला नाही. कॅलेंडरचं उलटं पान काढलं, त्यावर आजचा आकडा लिहिला आणि त्याच्याखाली दुसरा एक : ३७–३६.

"हा कधीचा?" मी विचारलं. भाचीने भाषांतर केलं.

"उद्या जाऊन बघा," ते म्हणाले.

दुसरा दिवस : रविवार, ७ सप्टेंबर

सकाळी आझुओलिनास नावाच्या बागेत गेलो. बाग म्हणजे ओकच्या प्रचंड झाडांचं रान आहे, मधून पायवाटा. त्याच्या कडेला एक लांबट, फिकट रंगाची, दिसायला अगदीच साधी इमारत. कौनासचं क्रीडागृह. १९३९ साली बांधलं ते खास बास्केटबॉलसाठी. युरोपातलं अशा तऱ्हेचं हे पहिलंच, असं इथे अभिमानाने सांगतात.

आता ३७–३६ ची गोष्ट. ती थोडी मागून सांगावी लागते.

पहिलं महायुद्ध संपल्यावर लिथुआनिया स्वतंत्र झाला, पण विल्नियस पोलंडकडे गेलं, म्हणून राजधानी कौनासला आली. तात्पुरती म्हणून आणलेली राजधानी १९४० पर्यंत राहिली. नवा देश, नवे हौशी लोक. अमेरिकेत वाढलेला स्टेपोनास डारियस १९२० मध्ये परत आला. तो वैमानिक, सैनिक, आणि सगळ्या खेळांचा वेडा. त्याने इथल्या पोरांना बास्केटबॉल शिकवला, नियमांचं पुस्तक लिहिलं. पुढे १९३३ मध्ये तो आणि गिरेनास हा त्याचा जोडीदार न्यूयॉर्कहून एका छोट्या विमानाने थेट कौनासला यायला निघाले. अटलांटिक ओलांडला, ६,४०० किलोमीटरांवर आले, आणि घर साडेसहाशे किलोमीटरवर राहिलं असताना तेव्हाच्या जर्मनीतल्या जंगलात कोसळले. त्या विमानाचे अवशेष इथल्या युद्धसंग्रहालयात ठेवले आहेत. क्रीडागृहाशेजारच्या मैदानाला या दोघांचंच नाव आहे. बास्केटबॉल शिकवणारा माणूस राष्ट्रवीर झाला तो आकाशात, हे मला फार आवडलं.

१९३७ मध्ये युरोपियन अजिंक्यपद रीगाला होतं. लिथुआनिया पहिल्यांदाच उतरला. संघात अमेरिकेत वाढलेले लिथुआनियन तरुण घेतले होते, आणि अंतिम सामन्यात इटलीला २४–२३ असं हरवलं. हो, चोवीस-तेवीस. आज एका क्वार्टरमध्ये होतात तेवढे गुण. तेव्हा खेळ हळू होता, आणि कोर्टवरच्या प्रत्येक बास्केटची किंमत आमच्या शाळेतल्या मॅचइतकी होती. आमचा आंतरशालेय सामना एकदा १९–१४ असा संपला होता. त्याची मला आजवर लाज वाटायची, आता वाटत नाही.

विजेत्याने पुढची स्पर्धा भरवायची, म्हणून १९३९ ची कौनासला आली. पण खेळायला जागाच नव्हती. मग हे क्रीडागृह महिन्यांच्या हिशेबाने उभं केलं. आणि त्या संघाचा कर्णधार आणि प्रशिक्षक एकच माणूस होता, फ्रँक लुबिन. लॉस एंजेलिसमध्ये लिथुआनियन आईबापांच्या पोटी जन्मलेला, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सुवर्णविजेत्या संघात खेळलेला. बर्लिनचा तो अंतिम सामना उघड्यावर, पावसात, चिखलात झाला आणि १९–८ असा संपला. तोही आकडा मी मनातल्या मनात आमच्या आंतरशालेयच्या शेजारी ठेवून दिला. इथे लुबिनला प्रानास लुबिनास म्हणतात, आणि इथल्या बास्केटबॉलचा आजोबाही.

स्पर्धेचा पहिलाच दिवस, समोर लाटविया. शेवटच्या क्षणांत चेंडू लुबिनासकडे आला आणि त्याने टाकला. ३७–३६. पुढे सगळे सामने जिंकून लिथुआनियाने विजेतेपद राखलं. वर्षभराने, जून १९४० मध्ये, सोव्हिएत रणगाडे आत आले. लुबिनास अमेरिकेला परतला. आणि पुढची पन्नास वर्षं लिथुआनिया नावाचा संघच उरला नाही.

त्या दिवशी दारं बंद होती. आत कसलीशी तयारी चालू होती, कामगार खुर्च्या हलवत होते. काचेतून फळीचा मजला दिसला. भाचीने फोटो काढला, त्यात मी काचेला नाक लावून उभी आहे, मिठाईच्या दुकानासमोरच्या पोरासारखी.

दुपारी एका खाणावळीत शाल्टिबार्शचाय मागवलं. थंड सूप. बीट, ताकासारखं केफिर, काकडी, उकडलेलं अंडं आणि वरून भरपूर शेपू. रंग थेट सोलकढीचा, पण दुप्पट भडक. सोबत गरम बटाटे वेगळ्या ताटलीत. शेपू आवडत नाही अशा मराठी माणसाने या देशात येऊ नये, सगळ्यात असतो.

संध्याकाळी आईचा फोन. ग्रहण आहे, काही खाऊ नकोस. इथेही दिसणार आहे का, असं विचारलं, तर भाचीने मोबाइल पाहून सांगितलं की चंद्र उगवेल तोच ग्रहणात. आम्ही जेवून मोकळ्या झालो होतो. ते आईला सांगितलं नाही.

आजोबांबरोबर चहा घेताना भाषेचा खेळ झाला. लिथुआनियन भाषा फार जुनी वळणं राखून आहे म्हणतात, ते ऐकून होते. प्रत्यक्षात ऐकताना अंगावर काटा आला. मुलगा म्हणजे सूनुस. अग्नी म्हणजे उग्निस. दात दांतिस, स्वप्न सापनास, देव दियेवास. मग त्यांनी एक म्हण सांगितली, 'दियेवास दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. मी भाचीला म्हटलं, यांना सांग, आमच्याकडे चोच दिलीय तो चारा देतो. आजोबा बराच वेळ हसले. म्हणाले, तुमच्या देवाचं काम सोपं, चोचीला कमी लागतं.

तिसरा दिवस : सोमवार, ८ सप्टेंबर

भाचीचं कॉलेज. मी एकटी लायस्वेस आलेयावरून भटकले. नावाचा अर्थ स्वातंत्र्याचा रस्ता. दीड-एक किलोमीटर लांब, गाड्यांना बंदी, मध्ये लिंडनच्या झाडांची रांग. इथेच, नाट्यगृहासमोरच्या बागेत, १९७२ साली रोमास कालांता नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने सोव्हिएत राजवटीविरुद्ध स्वतःला पेटवून घेतलं. जमिनीत बसवलेलं स्मारक आहे. कोणी थांबून बघतं, कोणी सायकल वळवून जातं.

पुढे एका टपरीवजा दुकानात तो टी-शर्ट टांगलेला दिसला. हिरवा, पिवळा, लाल, बांधणीचा. त्यावर चेंडू रिंगेत खुपसणारा सांगाडा. म्हणजे सरांनी तोंडी सांगितलेले रंग. ताबडतोब घेतला. माप मोठं होतं, तरी घेतला.

संध्याकाळी आजोबांना दाखवला. ते आत गेले, आणि कॅलेंडरचं ते पान घेऊन आले. मी आता नीट वाचलं. त्यावर वर्षं आणि आकडे होते : १९३७, १९३९, १९९२, १९९५, १९९६, २०००, २००३, २००४, २००७… आणि खाली परवाचा सामना. मी बोट ठेवलं तिथे काहीच नव्हतं. "१९८८ कुठेय?"

सोल ऑलिंपिक. सोव्हिएत संघाने उपांत्य सामन्यात अमेरिकेला ८२–७६ हरवलं, अंतिम सामन्यात युगोस्लावियाला ७६–६३. त्या संघाचा कणा म्हणजे चार लिथुआनियन : सबोनिस, मार्चुलियोनिस, कुर्तिनाइतिस, खोमिचियस. चौघेही कौनासचे किंवा कौनासने मोठे केलेले. ऑलिंपिकमधलं सोनं, आणि ते या पानावर नाही.

आजोबा म्हणाले, "ते सोनं मॉस्कोचं. आमच्या पोरांनी जिंकून दिलं, एवढंच."

मग त्यांनी वेगळीच आठवण काढली. मॉस्कोचा लष्करी संघ आणि कौनासचा झाल्गिरिस यांच्या मॅचची. झाल्गिरिस हे १४१० मधल्या एका लढाईचं नाव, जिच्यात ट्यूटॉनिक सरदारांची फौज उधळली गेली. सोव्हिएत काळात खुलेआम झेंडा फडकवता येत नव्हता, पण या संघाच्या नावाने ओरडता येत होतं. १९८५, ८६, ८७ अशी तीन वर्षं झाल्गिरिसने सोव्हिएत अजिंक्यपद घेतलं, मॉस्कोला मागे टाकून. आजोबा तेव्हा कालच्या त्याच क्रीडागृहात उभे राहून बघायचे. बसायला जागा मिळायची नाही, मिळाली तरी कोणी बसायचं नाही. सबोनिस २२१ सेंटीमीटर उंच, आणि पास मात्र एखाद्या गार्डसारखा द्यायचा. अमेरिकन लीगमधल्या पोर्टलंड संघाने त्याला १९८६ मध्येच निवडलं होतं, पण तो अमेरिकेत पोहोचला १९९५ मध्ये, घोटे आणि गुडघे झिजल्यावर. "अर्धा सबोनिस त्यांनी पाहिला," आजोबा म्हणाले, "पूर्ण आम्ही."

टी-शर्टची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तरी त्यांनी माझ्याकडून ऐकून घेतली. १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं, देशाकडे पैसे नव्हते. मार्चुलियोनिस तेव्हा गोल्डन स्टेट या संघाकडून अमेरिकेत खेळत होता, त्याने वर्गणी गोळा केली. ग्रेटफुल डेड नावाच्या बँडने पैसे दिले आणि अंगात घालायला हे बांधणीचे कपडे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात अमेरिकेच्या ड्रीम टीमने ५१ गुणांनी धुतलं, १२७–७६. त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. खरी मॅच ब्राँझची होती, कारण समोर होता 'युनिफाइड टीम', म्हणजे फुटलेल्या सोव्हिएत संघाचा उरलेला भाग. गटातल्या सामन्यात त्यांच्याकडून हरले होते. ८ ऑगस्टला ८२–७८ जिंकले. पदक घ्यायला हे लोक रंगीत कपड्यांत गेले. आमच्या फळ्यावरचा तो फोटो.

मी म्हटलं, म्हणजे सोन्यापेक्षा ब्राँझ मोठं. आजोबांनी मान हलवली, पण नाही म्हणाले. "मोठं नाही. आमचं."

चौथा दिवस : मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी नेमुनास नदीतल्या बेटावर झाल्गिरिसचं नवं अरेना पाहिलं. २०११ मध्ये उघडलं, त्याच वर्षी युरोपियन अजिंक्यपद इथे भरलं होतं. देशभर झेंडे, गाण्यांचा पाऊस, आणि उपांत्यपूर्व सामन्यात मॅसेडोनियाने घरात येऊन ६७–६५ असं हरवलं. भाची तेव्हा भंडाऱ्याला दुसरीत होती, पण इथल्या वर्गमैत्रिणींकडून ती गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की शेवटच्या मिनिटाचं वर्णन ती स्वतः पाहिल्यासारखं करते.

यांच्या पराभवांचीही एक वेगळी वही आहे. १९९५, अथेन्स : युरोपियन अजिंक्यपदाचा अंतिम सामना, युगोस्लाविया, पंचांवर चिडून संघ कोर्ट सोडून निघाला, मनधरणीने परत आला, ९०–९६ हरला. २०००, सिडनी : उपांत्य सामना, अमेरिकेशी ८३–८५, आणि शेवटच्या क्षणी यासिकेविचियसने तीन गुणांचा फेकला तो गेला नाही. गेला असता तर? हे वाक्य इथे पंचवीस वर्षं चालू आहे. त्याच यासिकेविचियसने २००३ मध्ये स्टॉकहोमला स्पेनला ९३–८४ हरवून देशाला चौसष्ट वर्षांनी सोनं दिलं, आणि पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला ९४–९०. ब्राँझच्या सामन्यात मात्र त्याच अमेरिकेकडून हरून चौथे. २०१० मध्ये जागतिक स्पर्धेत ब्राँझ, २०१३ आणि २०१५ मध्ये युरोपात रौप्य. आणि तिथून पुढे पदक नाही. २०२१ मध्ये याच अरेनात टोकियोची पात्रता फेरी होती, डोंचिचच्या स्लोव्हेनियाने ९६–८५ ने दार लावून घेतलं. १९९२ पासून एकही ऑलिंपिक न चुकवलेला देश घरी बसला. मग २०२४ ला पॅरिसही हुकलं. मधेच २०२३ मध्ये मनिलात, जागतिक स्पर्धेत, अमेरिकेला ११०–१०४ हरवलं : पहिले नऊ तीन-गुणी फटके नऊच्या नऊ आत. दोन दिवसांनी सर्बियाने ८७–६८ असं जमिनीवर आणलं.

हे सगळं पाहता मला वाटतं, हा देश आता एका गोष्टीशी झगडतो आहे आणि ते मान्य करायला कोणी तयार नाही. सबोनिसच्या पिढीने मापच असं लावून ठेवलं की पहिल्या आठात येणं म्हणजे अपयश. लोकसंख्या घटते आहे, पोरं परदेशी कॉलेजांत जातात, आणि तरी दर वेळी विचारणा पदकाचीच. आजोबांपाशी हे बोलले नाही. पाहुणीने किती बोलावं?

रात्री उपांत्यपूर्व सामना, ग्रीस. लायस्वेस आलेयाजवळच्या एका बारमध्ये गेलो. आजोबा घरीच बसले, त्यांना टीव्हीचा आवाज स्वतःच्या हातात लागतो. मी तो टी-शर्ट घातला होता. लसणीत घोळलेली तळलेली राई ब्रेड, वर चीज : केप्ता दुओना. तेलकट, आणि मॅच बघताना हात थांबत नाही असा पदार्थ. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाने माझ्या टी-शर्टकडे पाहून अंगठा दाखवला, मग माझ्याकडे नीट पाहून गोंधळला.

लिथुआनियाचा वालान्चूनास एकटा लढला. २४ गुण, १५ रिबाउंड. पण बाहेरून टाकलेले चेंडू काही केल्या आत जाईनात, आणि समोर ग्रीसचा उंचापुरा अँटेटोकुनम्पो. त्याला अडवायला दोघं गेले की तिसरा मोकळा, एक गेला तर तोच रिंगेत. २९ गुण त्याचे. आमच्या सरांची एक शिकवण होती, समोरचा उंच असला तर त्याला चेंडू मिळूच देऊ नका. सरांनी हा माणूस पाहिला नव्हता.

खंडपीठासारख्या ताठ चेहऱ्याने बाजूला उभे असलेले प्रशिक्षक पुन्हा पुन्हा पडद्यावर येत होते. रिमास कुर्तिनाइतिस. सोलचे, आणि बार्सिलोनाचे. पासष्टी गाठलेला माणूस, तेच नाव, तोच खेळ. बारमध्ये कोणी शिव्या देत नव्हतं. टाळ्याही नव्हत्या. ७६–८७ वर पडदा गोठला, तेव्हा एक जण उठला, त्याने पैसे दिले, आणि मागोमाग सगळेच रांगेत.

घरी आलो तेव्हा आजोबांच्या खिडकीत दिवा होता. पान टेबलावर, पेन शेजारी. त्यांनी आकडा लिहिलेला होता. हरलेला सामनाही लिहितात, हे मला तेव्हा कळलं. २००४ च्या पुढे दोन आकडे होते, त्याचा अर्थ तेव्हा लागला.

पाचवा दिवस : बुधवार, १० सप्टेंबर

निरोप. आजोबांनी मधाची बाटली दिली. मी त्यांना घरून आणलेल्या संत्रा बर्फीचा उरलेला डबा दिला. त्यांनी एक तुकडा खाऊन विचारलं, शेपू नाही?

संध्याकाळचं विमान होतं, हातात चार-पाच तास. विल्नियसमध्ये सगळे जुनं गाव बघतात, मी कारोलिनिश्केस नावाच्या वसाहतीत टीव्ही मनोरा बघायला गेले. सोव्हिएत काळातल्या उंच, एकसारख्या इमारती, आणि त्यांच्यावरून निघालेला ३२६ मीटरचा सुळका. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री सोव्हिएत फौज इथे आली. लोक मनोऱ्याभोवती हातात हात घालून उभे राहिले. त्या रात्री शहरात चौदा जण मेले, बहुतेक इथेच. पायथ्याशी त्यांची नावं आहेत. बार्सिलोनाचं ब्राँझ त्यानंतर दीड वर्षाने आलं, हा हिशेब इथे उभं राहिल्यावर आपोआप होतो. मध्यंतरी एका स्पर्धेच्या वेळी याच मनोऱ्याला भली मोठी रिंग आणि जाळी लावली होती, असं भाचीने फोटो दाखवत सांगितलं. मला आधी ते विचित्र वाटलं. जिथे माणसं मेली तिथे? मग वाटलं, आपण कोण ठरवणारे.

ट्रॉलीबसच्या थांब्याकडे येताना दोन इमारतींच्या मध्ये कोर्ट होतं. डांबरी, भेगा पडलेलं, जाळी फाटलेली. शाळा सुटलेली चार पोरं. चेंडू सुटून माझ्या पायाशी आला. मी उचलला, बॅग भाचीकडे दिली आणि फ्री थ्रोच्या पुसट रेषेवर जाऊन उभी राहिले. तेहतीस वर्षांनी. पहिला रिंगेपर्यंत पोहोचलाच नाही. दुसरा बोर्डाला लागून बाहेर. सर्वांत लहान पोराने काहीतरी सांगितलं आणि चेंडू परत माझ्याकडे टाकला.

"काय म्हणाला?"

"कोपर आत घे म्हणतोय," भाची म्हणाली. "मावशी, बस येतेय."